इसार परत केला म्हणजे शब्द फिटला का?

फोंड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर गेले काही आठवडे एकच विषय आहे. तालुक्यातल्या एका घरमालकाने विक्रीचा करार केला, इसार घेतला, आणि चार महिन्यांनी माघार घेऊन इसाराची सगळी रक्कम परत देऊ केली. निम्म्या लोकांचे म्हणणे असे की घर त्याचे, इच्छा त्याची. एक पैसाही न बुडवता तो परत देत असेल तर तक्रार कसली? उरलेल्यांना वाटते की गोव्यातले एक घर विकले जाण्यापासून वाचले, ते बरेच झाले. दोन्हीकडून तावातावाने बोलले जाते आणि ज्याच्याशी करार झाला त्या माणसाचे नावही त्यात येत नाही. मालकाला इच्छा होती, आणि ती त्याने करारावर सही करताना वापरली. त्या सहीच्या भरवशावर दुसऱ्या कुटुंबाने कर्ज काढले, राहते घर सोडण्याची नोटीस दिली, मुलांच्या शाळेचा विचार केला. माझे मत असे आहे की इसार परत केल्याने हा हिशेब मिटत नाही. खरेदीदाराचा हक्क पैशावर आहे त्याहून अधिक त्या घरावर आहे, आपला कायदा तो मानतो, आणि समाज म्हणून आपण तो मानत नाही म्हणूनच खरेदीदार पहिल्या आठवड्यातच हातपाय गाळून बसतो.

ज्या व्यवहारावरून ही चर्चा सुरू झाली तो मी जवळून पाहिला आहे, कारण खरेदीदार माझ्या मावसभावाची मुलगी आणि जावई. ती प्राथमिक शाळेत शिकवते, तो सरकारी खात्यात कारकून आहे. घराची किंमत साठ लाख ठरली, सहा लाखांचा इसार धनादेशाने दिला, सहा महिन्यांत विक्रीखत करायचे ठरले. करार मुद्रांकावर झाला, नोटरीचा शिक्का बसला; नोंदणी मात्र केली नाही, कारण विक्रेता वयस्क, ओळखीतला आणि घरी आल्यावर देवासमोर हात जोडणारा माणूस होता. चतुर्थीला दोन दिवस असताना तो त्यांच्या घरी आला. खोलीत गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधणे चालले होते, चटईवर सुपारीचे घोस, आंबाडे आणि चिबूड पडले होते. त्याने पाकीट टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "बाय, तुमचे पैसे मी बुडवणार नाही. मोजून घे." पाकिटात सहा लाखांचा धनादेश होता आणि त्याला टाचलेला एक टंकलिखित कागद, ज्यावर व्यवहार उभयपक्षी संमतीने रद्द झाला असे लिहून खाली सहीसाठी जागा सोडली होती. घराला पंच्याऐंशी लाख देणारे दुसरे गिऱ्हाईक मिळाले होते, हे नंतर कळले. त्या मुलीने कागद वाचला, पाकीट तसेच परत दिले आणि गणपती पोचवल्यावर बोलू असे सांगितले. त्या घटकेला तिला कायदा ठाऊक नव्हता. पण तिने सही केली असती किंवा धनादेश बँकेत भरला असता, तर करार संपवायला तीही राजी होती असे म्हणण्याची सोय विक्रेत्याला मिळाली असती, आणि घरावरचा तिचा दावा तिथेच लंगडा झाला असता. ज्या परतफेडीला ओट्यावरचे लोक प्रामाणिकपणा म्हणतात तिच्याबरोबर तो कागद येतो, आणि खरा व्यवहार त्या कागदात असतो.

'घर त्याचे, इच्छा त्याची' या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही. विक्रीखत नोंदले जाईपर्यंत मालक मालकच राहतो. पण त्याच व्यवस्थेने १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात दुसरी गोष्टही सांगितली: स्थावर मालमत्तेचा करार मोडला तर त्याची भरपाई पैशाने पुरेशी होत नाही, असेच न्यायालयाने गृहीत धरावे. यामागची समज साधी आहे. तांदळाचे पोते एका दुकानात मिळाले नाही तर दुसऱ्या दुकानात मिळते, पण शाळेपासून दहा मिनिटांवरचे, विहिरीचे, अमुक अंगणाचे घर जगात एकच असते. २०१८ च्या दुरुस्तीने तर करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे विकायला लावण्याचा, हुकूम देणे न देणे हा जो न्यायालयाचा स्वेच्छाधिकार होता तो काढून टाकला. कायद्यातल्या अटी पुऱ्या होत असतील तर हुकूम द्यायचा, अशी आता रचना आहे. विक्रेता तरीही विक्रीखतावर सही करायला तयार नसेल तर न्यायालय त्याच्या वतीने ते करून देते. ज्या देशाचा कायदा मालकाच्या नकारावर स्वतः सही करण्यापर्यंत जातो, तिथे 'इच्छा त्याची' हे शेवटचे उत्तर कसे असू शकेल?

आणि गोव्याला तरी हे नवे नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात मुंडकाराचे, म्हणजे तिथे राहणाऱ्या कुळाचे, घर उभे असे ते भाटकाराच्या शब्दावर; शब्द फिरला की घर गेले. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याच्या वेळी मालकाची जमीन, मालकाची मर्जी हाच युक्तिवाद पुढे होता, आणि मर्जी बदलली म्हणून कुणाचे छप्पर जाऊ नये असे आपल्या विधानसभेने ठरवले. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत, हे मला मान्य आहे. मुंडकाराचा हक्क कायद्याने दिला, खरेदीदाराचा हक्क विक्रेत्याने स्वतः सही करून दिलेला असतो. पण या फरकाने माझीच बाजू बळकट होते. मालकाच्या इच्छेला मान द्यायचा असेल तर त्याने शुद्धीवर, साक्षीदारांसमोर लिहून दिलेल्या इच्छेहून मोठी इच्छा कोणती?

आता दुसरी बाजू, गोव्याची भूमी वाचण्याची. ही भावना खरी आहे आणि ती माझीही आहे. पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, नगरनियोजन कायद्यात आधी कलम १७ (२) आणि मग २०२४ साली ३९ अ आले, आणि काल शेतजमीन असलेला तुकडा उद्या वसाहतीचा होऊ शकतो या शक्यतेनेच गावोगावचे दर हलले. हे पाहून ज्याचे काळीज हलत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण विक्रेत्याच्या माघारीने जमीन वाचते हे कुणी पाहिले आहे? ज्या माघारी मला ठाऊक आहेत त्यांत विक्रेत्याने घर ठेवून घेतले नाही, जास्त देणाऱ्याला दिले. आणि जास्त देणारा कोण असतो? तो शिक्षिका नसतो, कारकून नसतो. करार केव्हाही मोडता येतो असा रिवाज पडला तर त्यात प्रत्येक वेळी मोठी थैली जिंकते आणि पगारावर कर्ज काढणारा गोमंतकीय हरतो. जमीन वाचवायची असेल तर उघड चर्चा करून कायदे करावेत. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले, तसे. शेजाऱ्याने शेजारणीला दिलेला शब्द मोडण्याला भूमिरक्षण म्हणणे हा त्या चळवळीचाच अपमान आहे.

विक्रेत्याच्या बाजूने खरा वजनदार मुद्दा ओट्यावर कुणी मांडलाच नाही, म्हणून मीच मांडतो. थोडा इसार देऊन मालमत्ता अडकवून ठेवायची, वर्ष-दोन वर्षे पैसे द्यायचे नाहीत, आणि भाव चढला की करारपूर्ती मागायची किंवा तोच करार तिसऱ्याला विकून मधला नफा घ्यायचा, हा धंदा गोव्याच्या किनारपट्टीवर सर्रास चालतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अशाच एका प्रकरणात खरेदीदाराला घर नाकारले: साठ हजारांच्या घरासाठी पाच हजार देऊन तो अडीच वर्षे स्वस्थ बसला होता. २०११ साली सारदामणी कंदप्पन खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की शहरी जागांचे भाव ज्या वेगाने चढतात तो पाहता, स्थावराच्या करारात मुदतीला फारसे महत्त्व नसते हा जुना समज पुन्हा तपासायला हवा. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे म्हणून खरेदीदाराने तोवर झोपून राहावे असा तिचा अर्थ नाही. हे न्याय्य आहे. म्हणूनच स्पेसिफिक रिलीफ कायद्याचे कलम १६ खरेदीदाराकडून पुरावा मागते की पहिल्या दिवसापासून दाव्याच्या निकालापर्यंत तो आपली बाजू पुरी करायला तयार होता आणि समर्थही होता. मात्र या मुद्द्यातून 'भाव वाढला म्हणून विक्रेत्याला मोकळीक' हे निघत नाही. निर्मला आनंद खटल्यात, २००२ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ किंमत वाढली हे करारपूर्ती नाकारण्याचे कारण नव्हे. फार तर खरेदीदाराला काही वाजवी वाढीव रक्कम द्यायला लावता येईल. दर ठरवून करार करणे म्हणजे मधल्या काळातली चढउतार दोघांनी वाटून घेणे. भाव कोसळला असता तर या विक्रेत्याने पाकीट घेऊन येऊन, बाय, तुला आता महाग पडेल, कमी दे, असे म्हटले असते का?

मग माघार घेणाऱ्याला दंड काय असावा? याचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत 'सत्यंकार' असा शब्द येतो, म्हणजे व्यवहार खरा करण्यासाठी आधी दिलेले द्रव्य. आणि घेणाऱ्याने व्यवहार मोडला तर ते दुप्पट परत करावे असा नियम आहे. गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतही हेच होते: 'सिनाल', म्हणजे इसार, दिलेले असेल तर देणाऱ्याने मोडल्यास ते बुडाले, घेणाऱ्याने मोडल्यास दुप्पट परत. मुक्तीनंतर करारांचा विषय भारतीय कायद्यांकडे गेला, संहितेचा मुख्यतः विवाह आणि वारसा हा भाग मागे राहिला, आणि दुपटीचा हा नियम व्यवहारातून पुसला गेला. ज्यांना आज 'एक पैसाही बुडवला नाही' हे औदार्य वाटते त्यांच्या पणजोबांच्या काळात ते निम्मे देणे ठरले असते.

तरीही दुपटीचा नियम परत आणा, असे मी म्हणणार नाही. नुसत्या त्या नियमाने आजचा प्रश्न सुटत नाही, आणि हे आकडे मांडल्यावरच दिसते. साठ लाखांचे घर, सहा लाख इसार, दुसऱ्याचा देकार पंच्याऐंशी लाख. विक्रेत्याने बारा लाख परत केले तर त्यातले सहा खरेदीदाराचेच. दंड सहा लाखांचा. नव्या देकारातून पंचवीस लाख जादा मिळणार, म्हणजे दंड भरूनही एकोणीस लाख त्याच्या पदरात उरतात. दुपटीच्या रकमेला दंड म्हणायचे, पण तिचे काम करार मोडण्याची किंमत ठरवण्याचे होते, आणि चढत्या बाजारात ती किंमत स्वस्त असते. म्हणून करारातल्या एका वाक्याकडे मी सगळ्या खरेदीदारांचे लक्ष वेधतो. 'विक्रेत्याने माघार घेतल्यास दुप्पट इसार द्यावा' एवढेच लिहिले असेल, तर पैसे देऊन सुटण्याचा पर्यायच आपल्याला दिला होता असे विक्रेता म्हणू शकतो. स्पेसिफिक रिलीफ कायद्याचे कलम २३ हाच फरक पाहते: ती रक्कम करार पाळला जावा म्हणून धाक म्हणून लिहिली होती, की पाळण्याऐवजी देण्यासाठी? तेव्हा कलमाखाली आणखी एक ओळ हवी, की ही रक्कम ठरवल्यामुळे करारपूर्ती मागण्याचा खरेदीदाराचा हक्क कमी होत नाही. साध्या नमुन्यावरून टंकून घेतलेल्या करारांत ही ओळ मला क्वचितच दिसली आहे.

एका जागी मात्र विक्रेत्याची माघार खरोखर कायदेशीर असू शकते, आणि ती जागा गोव्यात देशातल्या बहुतेक भागांहून मोठी आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर आपल्या कायद्याने पती-पत्नीच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा वाटा असतो आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला स्थावर विकता येत नाही. वारलेल्या वडिलांच्या नावावरचे घर असेल तर सगळी भावंडे, आणि त्यांचे पती-पत्नीही, सहीला हवेत. त्यातले एक लिस्बनला, एक मुंबईला, एकाचा वारसा अजून इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटपाच्या कोर्टातल्या प्रक्रियेत. अशा घराचा करार एकट्या थोरल्या भावाने केला असेल आणि उद्या त्याची बायको किंवा बहीण नाही म्हणाली, तर तिच्या वाट्यावर खरेदीदाराचा हक्क चालत नाही, आणि चालूही नये. ज्या व्यवस्थेने बाईला घराची अर्धी मालकीण मानले ती व्यवस्था खरेदीदाराच्या सोयीसाठी वाकवावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण 'घरचे तयार नाहीत' हे वाक्य जेव्हा करारावर आधीच सही केलेली बायको पुढे करून उच्चारले जाते, तेव्हा ते निमित्त असते. या दोहोंतला फरक सहीच्या रकान्यात दिसतो. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीची हक्कनोंद, जुना दस्तऐवज, वारसाचे दस्त आणि प्रत्येक मालकाच्या पती किंवा पत्नीची सही इसार देण्याआधी पाहिली नाही, तर दोष फक्त विक्रेत्याचा राहत नाही.

माघारीची चाहूल लागल्यावर मात्र दिवस मोजावे लागतात. वकिलामार्फत नोटीस पाठवून आपण उरलेली रक्कम घेऊन विक्रीखताला तयार आहोत असे कळवायचे. बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र जिवंत ठेवायचे, मुदत संपत आली तर वाढवून घ्यायचे, कारण कलम १६ चा तोच सर्वांत ठोस पुरावा. पूर्ण रक्कम कोर्टात आधी भरावी लागत नाही, न्यायालयाने सांगितले तरच. पण पैसे कुठून येणार हे दाखवावे लागते. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, कारण पहिल्या कराराची माहिती नसताना, सद्भावनेने, पूर्ण मोल देऊन घेतलेल्या नव्या खरेदीदाराविरुद्ध करारपूर्ती मिळत नाही. त्याला माहिती होती हे दाखवता आले तर तो त्या आडोशाला उभा राहू शकत नाही. नुसत्या अर्जावर सब-रजिस्ट्रार नवे विक्रीखत अडवत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मनाई आदेश हवा. दावा दाखल झाल्यावर जो कुणी ते घर घेईल तो त्या दाव्याच्या निकालाला बांधलेला असतो. दाव्यातच पर्यायी मागणी म्हणून इसाराची व्याजासह परतफेड आणि नुकसानभरपाई मागून ठेवायची, कारण न मागितलेले न्यायालय देत नाही. आणि दिलेल्या रकमेपुरता त्या मालमत्तेवर खरेदीदाराचा बोजा असतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये लिहिलेले आहे. करारात तारीख असेल तर तिच्यापासून तीन वर्षे, नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षे, ही दाव्याची मुदत. पोलीस ठाण्यात धावणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो: करार करतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवता येत नसेल तर ती फसवणूक नव्हे, करारभंग आहे, आणि त्या चकरांत दिवाणी दाव्याचे महिने वाया जातात. समोर बांधकाम व्यावसायिक असेल तर गोष्ट वेगळी. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या, कायद्याने नोंदणीकृत कराराशिवाय त्याला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि मनमानी करून वाटप रद्दही करता येत नाही.

यावर शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त छळतो: हे सगळे खरे, पण निकाल कधी? २०१८ च्या दुरुस्तीने समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत, फार तर आणखी सहा महिन्यांत, दावा निकाली काढावा असे लिहिले. ही मुदत पाळली जाते असे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला कुणीही म्हणणार नाही. तोवर मुलीचे भाडे चालू, बँकेचा दर बदलतो, आणि विक्रेत्याचे वयही वाढते. म्हणूनच मला वाटते की सरकारने आणि आपण सगळ्यांनी जोर लावावा तो निकालाच्या आधीच्या टप्प्यावर. विक्रीच्या कराराची नोंदणी स्वस्त आणि सोपी व्हावी. आज लोक ती टाळतात कारण मुद्रांक शुल्क आणि फी एकदम अंगावर येते. राहत्या घराच्या करारासाठी ती नाममात्र ठेवून उरलेली विक्रीखताच्या वेळी घेतली तर महसूल बुडत नाही. नोंदलेला करार नोंदणी कार्यालयातल्या शोधात दिसतो, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'मला ठाऊक नव्हते' असे सहजी म्हणता येत नाही. आणि ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाचा वकील त्याला पंच्याऐंशी लाखांचा धनादेश लिहू देत नाही. माघारीला बळ येते ते पाठीशी दुसरे गिऱ्हाईक उभे असते तेव्हा. ते गिऱ्हाईक हटले की बहुतेक विक्रेते पुन्हा पहिल्या करारावर येतात, आणि न्यायाधीशांना त्रास द्यावाच लागत नाही.

गणपती पाचव्या दिवशी पोचवले. सहाव्या दिवशी त्या दोघांनी नोटीस पाठवली, आठव्या दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात आली, आणि करारातली विक्रीखताची तारीख उलटल्यावर फोंड्याच्या दिवाणी न्यायालयात दावा पडला. घर विकू नये असा तात्पुरता मनाई आदेश मिळाला आहे. पंच्याऐंशी लाखवाला पुन्हा दिसला नाही. विक्रेत्याने मधे निरोप धाडला की सत्तर दिले तर तो सही करील. बँकेचे मंजुरीपत्र त्या मुलीने आतापर्यंत दोनदा नवे करून घेतले आहे, आणि पुढच्या तारखेला साक्षीत तेच पहिले कागद म्हणून दाखल होणार आहे.